सात नंबरचा पेशंट

४ मार्च

ब्रदर यांस,

आज सव्वानऊला कामावर गेलो. सहा वजनकाटे तपासले. चार बरोबर होते, दोन दुरुस्तीला आणले. त्यांतला एक किराणा दुकानदाराचा होता. तो चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता, अर्थात दुकानदाराच्या फायद्याचा. "मशीन आहे साहेब, त्याला काय कळतंय," असं तो म्हणाला. दुपारी डबा खाल्ला. साडेपाचला घरी आलो आणि हिचं कपाट आवरलं. पुस्तकं सगळी आहेत. वही नाही. म्हणून हे पत्र.

आपली ओळख आहे असं म्हणता येणार नाही. मी तुम्हाला एकूण चारदा पाहिलं. पहिल्यांदा तुमच्या विभागाच्या जिन्यात, ही म्हणाली, "हे आमचे ब्रदर," तेव्हा. नंतर, ती आजारी असताना, तीन दिवस अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारातून. ती तिथं बावीस वर्षं सिस्टर होती, आणि मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यावर तिला तिथल्याच एका बेडवर आणलं. तुम्ही आत होतात. मी बाहेर. नियमाप्रमाणे मला दहा-दहा मिनिटं मिळाली. तुम्हाला आठ-आठ तास मिळाले. तक्रार करत नाही, हिशोब तसा आहे एवढंच.

मुद्दे दोन आहेत. पहिला, वही. क्रिटिकल केअरच्या परीक्षेसाठी हिनं केलेली, जाड पुठ्ठ्याची, लांब. तुमच्या इन्चार्ज सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती ब्रदरनं नेली, बदलीच्या गावी. मे महिन्यात परीक्षा आहे ना त्याची. दोघं मिळूनच तर अभ्यास करायचे." दोघं मिळून, हे त्यांचे शब्द. वही पोस्टानं परत पाठवावी.

दुसरा. हिच्या फोनवर तुमच्या नावापुढं चारशे बारा व्हॉइस मेसेज दिसत होते, सगळे हिनं पाठवलेले. मी ते उघडले नाहीत. मी तसा माणूस नाही. पण ती गेल्यावर तिचा आवाज परक्या माणसाच्या खिशात असणं मला योग्य वाटत नाही. तरी तुमच्याकडं जे असेल ते सगळं पुसून टाकावं. हे लेखी कळवत आहे.

पत्ता पाठीमागे लिहिला आहे.


१७ मार्च

ब्रदर,

आज कामावर गेलो नाही. सकाळी मेहुणी आली होती, हिची धाकटी बहीण. तिनं येताना माझ्यासाठी जेवण आणलं, फ्रीज उघडून पाहिला, आणि "भावोजी, हे काय, अंडी आणि औषधं एकाच खणात?" असं म्हणून सगळं लावून टाकलं. मग बसली आणि म्हणाली, "ताईचा आवाज ऐकवा ना जरा."

"कुठला आवाज?"

"अहो फोनवरचा. काहीतरी असेलच. रागावून बोललेली असली तरी चालेल. तेच जास्त चालेल."

मी माझा फोन काढला. हिचे मला आलेले निरोप अकरा निघाले. उशीर होईल. किल्ली शेजारी आहे. येताना बल्ब आणा. सगळे लिहिलेले. बोललेला एकही नाही. मेहुणीनं फोन हातात घेऊन वर-खाली करून पाहिलं.

"तेवीस वर्षांत एवढंच?"

"आम्ही घरातच बोलायचो."

"बोलायचात?" ती म्हणाली. "तुम्ही?"

मग ती स्वतःच ओशाळली आणि भांडी घासायला उठली. मी नको म्हटलं तरी घासली.

ती गेल्यावर मी दोनदा तुमचा नंबर लावला. पहिल्यांदा तुम्ही उचलला नाहीत. दुसऱ्यांदा उचललात, "हॅलो, कोण?" म्हणालात, आणि मी ठेवून दिला. मागे घंटीसारखा काहीतरी आवाज येत होता, म्हणजे तुम्ही ड्यूटीवर असणार. मला फोनवर बोलता येत नाही, आणि तुमचा आवाज ऐकल्यावर तर मुळीच आलं नाही.

तर लेखी विनंती करतो. पहिल्या पत्रातला दुसरा मुद्दा रद्द समजावा. काही पुसू नका. हिचा फोन बिघडला आहे आणि त्यातलं काही मिळण्यासारखं नाही. जे आहे ते तुमच्याकडंच आहे. मला पाठवण्याची काही सोय असेल तर पाठवावं. त्यातलं अभ्यासाचं असेल ते मला कळणार नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक नाही. चारशे बारा वेळा जिच्याशी बोलणं झालं ती घरच्या माणसाबद्दल काहीतरी बोललीच असेल. ते काय, तेही मला ठाऊक नाही. पण पुसू नका.


२६ मार्च

ब्रदर,

परवा पार्सल आलं. पोस्टमननं सही घेतली. वही कोरड्या कापडात गुंडाळून पाठवलीत, कोपरे दुमडले नाहीत. त्याबद्दल आभार.

चिठ्ठी वाचली. "तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी सगळं पुसलं. आमच्याकडं तोंडी ऑर्डर असेल तर परत म्हणून दाखवून खात्री करतो, लेखी असेल तर पाळतो." पुसल्याची तारीख दिली आहे, नऊ मार्च. म्हणजे मी फोन केला तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते.

इतकी कसली घाई होती? एक माणूस बायको गेल्यावर दोन महिन्यांत काहीतरी लिहितो आणि तुम्ही ते डॉक्टरची सही असल्यासारखं पाळता? तुमच्या त्याच विभागाबद्दल ही मला सांगायची, ऑर्डर चुकीची वाटली तर सिस्टरनं थांबून विचारायचं असतं, नाहीतर सिस्टरही तितकीच जबाबदार. तुम्ही का नाही विचारलंत?

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आता उरलेलं लिहितो.

हिचा फोन बिघडलेला नाही. मी खोटं लिहिलं. तो मी मेहुणीच्या मुलीला कॉलेजसाठी दिला. आमच्या कामात काटा गिऱ्हाइकाला परत देताना शून्यावर आणून द्यायचा असतो. आधीच्या मापाचा अंश राहता कामा नये. तीस वर्षं हेच केलं आहे. फोन देतानाही मी बसून नीट सगळं शून्य केलं, फोटो तेवढे आधी काढून घेतले. मेहुणीला मी हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं आवाज नव्हताच.

यात सवयीचा भाग आहे, पण पूर्ण नाही. मी आधी तुमच्या नावापुढचा आकडा पाहिला. मग शून्य केलं. क्रम असा होता.

मोबाईलवाल्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही फार व्यवस्थित काम केलंय. एवढं व्यवस्थित कोणी करत नाही. काही उरलं नाही." मी त्याला धन्यवाद म्हटलं. सवयीनं.

वही वाचतो आहे. निळ्या शाईत ही. समासात हिरव्या शाईत तुम्ही. "मास्तरीणबाई, हे डोक्यावरून गेलं." "मास्तरीणबाई, पुन्हा एकदा, सावकाश." आणि खाली हिचं उत्तर, कधी चित्र काढून. हिला कोणी मास्तरीण म्हणतं हे मला वही वाचून कळलं. मी घरात तिला काहीच म्हणत नसे. "अगं" म्हणायचो.

एक पान मला ओळखू आलं. धमनीत सुई घालून रक्तदाब सतत मोजतात, त्या यंत्राबद्दलचं. दोन वर्षांपूर्वी ही एकदा जेवताना म्हणाली होती, "तुमचा काटा चांगला असला, पण ठेवला चुकीच्या उंचीवर, तर?" तिनं माझ्या कामाबद्दल काही विचारलं असं ते पहिल्यांदाच. मी अर्धा तास बोललो. जेवण गार झालं. त्या पानावर हिनं लिहिलं आहे: "मोजणारी डबी हृदयाच्या पातळीला आणून शून्य करायची. बेड वर-खाली केला की पुन्हा. पातळी चुकली तर आकडा खोटा, आणि खोट्या आकड्यावर औषध. घरून खात्री केली."

खाली तुमचं हिरवं: "घरून म्हणजे?"

त्याखाली हिचं निळं: "सात नंबरकडून."

सात नंबर म्हणजे काय? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, नंबर अकरा. वहीत हा सात नंबर मला आतापर्यंत तेहेतीस ठिकाणी सापडला आहे. तुम्हाला ठाऊक आहे आणि मला नाही, अशा गोष्टींची यादी वाढते आहे. कळवावं.


८ एप्रिल

ब्रदर,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. चार कागद, पाठपोट. आज चार काटे तपासले आणि प्रत्येक ठिकाणी आकडा दोनदा पाहावा लागला, कारण लक्ष लागत नव्हतं.

तुमच्या विभागात बेड सहाच आहेत, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही. सातवा अभ्यासासाठी, तुम्ही दोघांनी मिळून मांडलेला. ही सकाळच्या ड्यूटीला, तुम्ही दुपारच्या, समोरासमोर बसायला वेळ नाही, म्हणून ड्यूटी बदलताना जसा पेशंट दुसऱ्याच्या ताब्यात देतात तसा हा सात नंबर तुम्ही एकमेकांच्या ताब्यात देत होता. हिनं त्याला आज न्यूमोनिया द्यायचा, तुम्ही संध्याकाळपर्यंत उपचार बोलून पाठवायचे, उद्या हिनं चुका काढायच्या. आजार रोज नवा. माणूस तोच.

तुम्ही आठवणीनं लिहिलेलं मी उतरवून घेतो, कारण मला ते स्वतःच्या अक्षरात बघायचं आहे.

"बेड नंबर सात. वय बावन्न. धंदा वजनकाटे दुरुस्ती. तोंडातून श्वासनलिकेत नळी, मशीनवर. ताप एकशे दोन. रक्तदाब पडतोय. लघवी तासाला वीस. पेशंट शुद्धीवर आहे पण नळीमुळं बोलू शकत नाही. नळी नसती तरी बोलला नसता. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही. कपाळ बघायचं. डावी भुवई खाली आली की दुखतंय. हात मुठीत आहे का ते बघायचं. मशीनशी झगडतोय का ते बघायचं. आणि पायांवर पांघरूण टाकायचं, त्याला पाय गार पडलेले चालत नाहीत, पण सांगणार नाही."

मी आरशात पाहिलं. भुवईचं काही कळलं नाही. आपल्याला आपलं दिसत नसावं.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही भांडायचात. "मास्तरीणबाई, या महिन्यात याला दोनदा जंतुसंसर्ग, एकदा फुप्फुसात गाठ, किडन्या बंद. हा माणूस केव्हाच गेला असता." आणि ती म्हणायची, "माझ्या ड्यूटीत नाही जाणार. तुमच्यात गेला तर बघा." हे तिच्याच चालीत लिहिलंत. मला ऐकू आलं. तुम्ही लिहिलेलं असूनही ऐकू आलं, त्याचाही राग आला.

तुम्ही हेही लिहिलंत की पुसताना तुम्हाला शंका आली होती, आणि विचारायला हवं होतं, पण "परक्या माणसाच्या" हे शब्द वाचून डोकं फिरलं. ठीक आहे. आपण दोघांनी मिळून पुसलं असं धरू. तिसरं कोणी यात नाही.

आता माझ्याकडचं एक, जे तुम्हाला ठाऊक नसावं. ती ते मेसेज जिन्यात उभी राहून बोलायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. तुम्हाला वाटलं असेल घरात रेंज नसेल. अभ्यास सुरू केला तेव्हा ती स्वयंपाकघरात बोलायची, कामावर निघायच्या आधी, सकाळी सहाला. मला झोपेत ऐकू यायचं. रक्तदाब, लघवी, नळी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी म्हणालो, "घरात दवाखाना नको." एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती चप्पल घालून दार हळूच ओढून घ्यायची. दोन वर्षं. मी आतून दार ओढल्याचा आवाज ऐकायचो आणि कूस बदलायचो. मी दार उघडं ठेवायला सांगितलं असतं तर चारशे बारा वेळा मला फुकटात ऐकायला मिळालं असतं, आणि ते पुसायची कोणाची हिंमत झाली नसती.

त्या जिन्यात ती माझ्याबद्दल बोलत होती.

तुमचा मला हेवा वाटतो हे तुम्हाला कळलंच असेल. लपवण्यात अर्थ नाही. आधी वाटलं साधा हेवा आहे, पुरुषाला पुरुषाचा वाटतो तो. मेहुणीला आडून विचारलं तर ती हसली. "भावोजी, तो ब्रदर? ताई त्याला दुधाचे दात म्हणायची. लग्न ठरत नाही म्हणून स्थळं शोधत होती त्याच्यासाठी, मलाही कामाला लावलं होतं." म्हणजे ते नव्हे, आणि ते नव्हे हे कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्ही दोन वर्षं मला ओळखत होता, भुवईपर्यंत. मी तुम्हाला ओळखत नव्हतो, आणि बहुतेक तिलाही नाही.

त्याहून एक चमत्कारिक लिहितो. त्या सात नंबरचाही मला हेवा वाटतो. तिनं त्याला रोज वीस मिनिटं दिली. पाय झाकले. मरू दिलं नाही. मी त्याच वेळी त्याच घरात आडवा होतो आणि तिच्या वाट्याला माझी पाठ आली.

शेवटचा कागद पुन्हा वाचेन तेव्हा त्याबद्दल लिहीन. आज नको.


२१ एप्रिल

ब्रदर,

आज सुटी. कपडे धुतले, वाळत घातले, दुपारी वही घेऊन बसलो. शेवटचा कागद वाचला.

तुम्ही लिहिलंत की मागच्या वर्षी तुम्ही तीन गुणांनी नापास झालात आणि एक दहा गुणांचा प्रश्न कोरा सोडला होता. रुग्ण दगावल्यास नातेवाइकांची काळजी. तुम्ही तिला दोनदा म्हणालात की हे प्रकरण करून घेऊ. ती म्हणाली, "सात नंबर बरा होऊन घरी गेला की बघू." आणि तो काही बरा होत नव्हता, कारण तीच त्याला रोज नवीन काहीतरी देत होती.

वहीत ते प्रकरण आहे. चौदावं. निळ्या शाईत मथळा, खाली रेघ, पुढं चार पानं कोरी. तिला हे येत नव्हतं असं नाही. बावीस वर्षांत तिनं किती जणांना सांगितलं असेल. पण त्यासाठी सात नंबर जायला हवा होता आणि दाराबाहेर तिला स्वतःला उभं करायला लागलं असतं. ती टाळत होती. परीक्षेचा अभ्यास म्हणून हे चूक आहे. दहा गुणांचं चूक.

मी ती चार पानं लिहिली आहेत. काळ्या शाईत. पुस्तकातलं मला काही येत नाही, पण या प्रकरणात मी बाहेरून बसलो आहे, तुम्ही आणि ती दोघंही आतून. कच्चं आधी दुसऱ्या कागदावर केलं, मग वहीत उतरवलं. खाडाखोड नाही. थोडं इथं देतो, म्हणजे वही येईपर्यंत तुमचं अडणार नाही.

नातेवाइकाला उभं ठेवून सांगू नये. आधी बसवावं. तो बसायला नको म्हणेल.

"आपण खूप प्रयत्न केले" असं म्हणू नये. मला डॉक्टरांनी असं सांगितलं आणि मी विचारलं, "मग अजून किती दिवस लागतील?" तुम्ही मागे उभे होता आणि तुम्ही म्हणालात, "त्या गेल्या." मला तेव्हा तुमचा संताप आला. पण कळलं ते तुमच्या वाक्यानं. गेल्या, हा शब्द वापरावा.

आत सोडताना हात धुवायला सांगतात. सवयीनं सांगतात. मी कोपरापर्यंत धुतले, दोनदा, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं. त्या वेळी हात धुण्याची गरज नसते. तेवढी मिनिटं गेली.

यंत्रं बंद केल्यावर मॉनिटरचा पडदाही बंद करावा. नुसती रेघ चालू ठेवू नये. माझ्यासारख्या माणसाची नजर आकड्याकडं जाते. मी तिच्याकडं बघायचं सोडून शून्याकडं बघत होतो.

वस्तू पिशवीत देतात. पिशवीवर बेड नंबर लिहिलेला असतो. नाव लिहावं.

आणि एक. मी आत आलो तेव्हा नळी काढलेली होती. नळीची चिकटपट्टी गालाला लावतात, तिचा काळपट चिकट डाग राहतो, हे ही मला सांगायची. तेल लावून काढावा लागतो, नाहीतर कातडी निघते. तिच्या गालावर डाग नव्हता. कोणीतरी तेलाचा बोळा फिरवून, सावकाश, पुसला होता. केसही नीट केले होते. ते तुम्ही केलंत, हे मी न विचारता सांगू शकतो. छान केलंत. पण ते मला करायचं होतं. मला ते करता येतं हे मलाही माहीत नव्हतं, पण कोणी बोळा हातात दिला असता तर केलं असतं. सगळ्या चारशे बारांपेक्षा मला त्या एका बोळ्याचा जास्त हेवा वाटतो.

म्हणून उत्तरात लिहा: नातेवाइकाला विचारावं, तुम्हाला करायचं आहे का. तो नाही म्हणेल. त्याचं ऐकू नये. कपाळ बघावं आणि पुन्हा विचारावं.

यावर दहापैकी किती मिळतील ते तुम्हाला ठाऊक.

आता अभ्यासाचं. कोऱ्या प्रश्नाची तयारी पेशंटशिवाय होणार नाही असं तुम्हीच लिहिलंत. तर सात नंबरला जाऊ द्या. कोणत्या आजारानं ते तुम्ही ठरवा, फार ताणू नका. दाराबाहेर सेहेचाळीस वर्षांची बाई उभी आहे, निळा स्वेटर, हातात पिशवी. ती स्वतः सिस्टर आहे, तिला फसवता येणार नाही. तिला कसं सांगाल, तिच्या हातात काय द्याल, मोठ्यानं बोलून सराव करा. जमलं नाही तर पुन्हा करा. हे लेखी देतो आहे. या वेळी शंका असेल तर विचारा.


११ मे

ब्रदर,

आज तुमचा पेपर. दहाला सुरू झाला असेल. मी सकाळी तीन काटे तपासले. दोन बरोबर, एक औषधाच्या दुकानातला, अर्धा ग्रॅम कमी. दुकानदार बाई म्हणाल्या, "अर्ध्या ग्रॅमनं काय होतंय?" मी म्हटलं, "तुमच्याकडं होतं." त्या हसल्या. मीही थोडा.

वही तुम्हाला दोन तारखेला मिळाली, असं पोस्टाच्या पावतीवरून कळलं. उत्तर आलं नाही ते बरं झालं. अभ्यासात असाल.

रविवारी मेहुणी आली होती. तिला फोनचं सगळं सांगितलं. ती खूप बोलली. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "आणि वहीही देऊन टाकलीत?"

"हो."

"त्या ब्रदरला?"

"हो."

"मग तुमच्याकडं काय राहिलं, भावोजी?"

"पुस्तकं आहेत," मी म्हटलं.

"पुस्तकं म्हणे," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली, बहुतेक कपाळाकडं. मग तिनं तिला आठवत होती ती हिची तीन भांडणं मला करून दाखवली. एक माझ्याबद्दलचं होतं. आवाज बराच जमला.

तुम्ही पास झालात तर मला आनंद होईल, असं लिहिणार होतो. खरं नाही. पास तिनं व्हायला हवं होतं. तुमच्या निकालात तिचं नाव नसेल आणि तुमचं असेल, हे मला सहन होईल असं आत्ता तरी वाटत नाही. हेवा कमी झालेला नाही. पण नापास झालात तर जास्त वाईट वाटेल, हे मात्र तपासून लिहितो. वही परत पाठवू नका. तुमच्या हाताखाली नवीन सिस्टर येतील, त्यांना लागेल. कुठल्या शाईत कोण ते सांगायची गरज नाही.

वेळ मिळेल तेव्हा एक कळवा. जमल्यास, बाहेर उभी असलेली बाई तुमचं ऐकून काय म्हणाली. तुम्ही सराव करताना तिच्या तोंडी काहीतरी घातलंच असेल. तुम्हाला तिची भाषा येते.

उद्या लांबच्या बाजारात मोठे काटे तपासायचे आहेत, लवकर निघायचं आहे. शर्टाचं वरून दुसरं बटण निघालं आहे. सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी आलो आहे. तीनदा हुकला. चौथ्यांदा गेला. गाठ मारली, बटण लावलं, चार टाके, दोरा दातानं तोडला.